मासानिएल्लोच्या बंडाचं पेंटिंग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नेपल्सच्या सान मार्तिनो म्युझियममधे एक पेंटिंग आहे, भला मोठा चौक, त्यात मुंग्यांसारखी माणसं, मागे चर्चचा उंच टॉवर. ते बघून आलेले किंवा नुसता फोटो बघितलेले लोक फिरून फिरून तेच प्रश्न विचारतात, म्हणून उत्तरं एकाच ठिकाणी लिहून ठेवतोय. काही उत्तरं लांबली आहेत, कारण विषयच तसा आहे.

हे पेंटिंग नक्की कोणाचं आणि कशाचं?

चित्रकार दोमेनिको गार्जुलो, नेपल्सचाच माणूस, वडील तलवारी बनवायचे म्हणून सगळे त्याला मिक्को स्पादारो म्हणायचे आणि आजही त्याच नावाने ओळखतात. चित्राचा विषय जुलै 1647 मधे नेपल्समधे झालेलं बंड. या बंडाचा पुढारी होता मासानिएल्लो नावाचा तरुण कोळी. कॅनव्हासवर तैलरंगात केलेलं काम आहे. जागा म्हणाल तर पियात्सा मेर्कातो, म्हणजे शहरातला बाजाराचा चौक, आणि मागे दिसतो तो सांता मारिया देल कारमिने चर्चचा टॉवर. तो अजून उभा आहे, साधारण 75 मीटर उंच. आज जाऊन त्या चौकात उभं राहिलं तरी चित्रातली जागा लगेच ओळखता येते.

मासानिएल्लो कोण होता?

पूर्ण नाव तोम्मासो आनिएल्लो द'आमाल्फी. आडनावामुळे बरेच जण त्याला आमाल्फी गावचा समजतात, पण तो जन्मला, वाढला आणि मेला त्या बाजाराच्याच परिसरात. जन्म 29 जून 1620 चा, म्हणजे बंड सुरू झालं तेव्हा त्याला 27 वं पूर्ण होऊन जेमतेम आठवडा झाला होता. मासे पकडायचे आणि विकायचे हा धंदा, त्यात कधीमधी टॅक्स चुकवून माल पोचवणं पण चालायचं, कारण त्याशिवाय गरिबाचं भागायचंच नाही. शिक्षण नाही, पायात चपला नाहीत.

त्याच्या बायकोचं नाव बेर्नार्दिना. असं सांगतात की ती थोडं पीठ लपवून शहरात आणत होती, जकातवाल्यांनी पकडलं, तुरुंगात टाकलं, आणि तिला सोडवायला मासानिएल्लोला कर्ज काढावं लागलं. बंडाची कारणं पुस्तकात मोठी मोठी दिलेली असतात, पण मला विचाराल तर त्या पिठाच्या पुरचुंडीत निम्मं कारण आहे. घरातली बाई मूठभर पिठासाठी आत जाते आणि ज्यांनी तिला आत टाकलं ते लोक रोज त्याच चौकात टेबल टाकून बसलेले दिसतात, याचा राग किती खोल जात असेल बघा.

फळांवरच्या टॅक्ससाठी एवढं मोठं बंड? खरंच?

हो, आणि यात आश्चर्य वाटायचं काही नाही. नेपल्स तेव्हा स्पेनच्या राजाच्या ताब्यात होतं, कारभार बघायला व्हाइसरॉय, त्या वेळचा व्हाइसरॉय म्हणजे ड्यूक ऑफ आर्कोस. स्पेन चारी बाजूंनी लढायांत अडकलेला, तीस वर्षांचं युद्ध चालू, डचांशी भांडण चालू, 1640 मधे कॅटलोनिया आणि पोर्तुगाल दोन्हीकडे बंडं उठलेली, आणि या सगळ्याचा पैसा काढायचा कुठून तर नेपल्सकडून. जमीनदार सरदारांना हात लावायचा नाही, मग उरलं काय, तर खाण्यापिण्याच्या वस्तूंवर जकात. पीठ, तेल, मीठ, चीज सगळ्यावर होतीच, 1647 च्या सुरुवातीला फळांवरचा टॅक्स पण परत लावला.

आता उन्हाळ्यात नेपल्सचा गरीब माणूस खायचा काय, तर फळंच. अंजीर, टरबूज, जर्दाळू, तीच पोटभरीची वस्तू, कारण तेव्हा तीच स्वस्त असायची. म्हणजे हा टॅक्स चैनीच्या वस्तूवर नव्हता, सरळ जेवणावर होता. शिवाय ही जकात सरकार स्वतः गोळा करत नव्हतं, ती ठेक्याने दिलेली होती, ठेकेदार आधी पैसे भरायचे आणि मग लोकांकडून दामदुपटीने वसूल करायचे, त्यामुळे लोकांच्या शिव्या राजापेक्षा या ठेकेदारांनाच जास्त बसायच्या.

7 जुलै, रविवार. पोत्सुओलीहून फळवाले माल घेऊन आले आणि चौकात वाद लागला की टॅक्स कोणी भरायचा, आणणाऱ्याने की विकत घेणाऱ्याने. वाद वाढत गेला, अंजिरं जमिनीवर फेकली गेली, पोरांनी ती उचलली आणि वसुलीवाल्यांवर मारायला सुरुवात केली, मग दगड, मग जकातीची चौकी पेटली, मग गर्दी व्हाइसरॉयच्या राजवाड्यावर गेली आणि तो निसटून किल्ल्यात जाऊन लपला. हे सगळं एकाच दिवसात.

ती पोरं आयती तिथे कशी काय होती?

हा प्रश्न कमी लोक विचारतात पण तो फार महत्त्वाचा आहे. 16 जुलैला कारमिनेच्या माउलीचा, म्हणजे मेरीमातेचा सण असतो. त्या वेळी चौकात लाकडाचा खोटा किल्ला उभारायचे आणि पोरांच्या दोन टोळ्यांची लुटुपुटूची लढाई व्हायची, हातात बोरूच्या काठ्या. मासानिएल्लो त्यातल्या एका टोळीला तयार करत होता. म्हणजे 7 जुलैला त्याच्याकडे शेकडो पोरं आधीच जमवलेली होती, हुकूम ऐकायची सवय झालेली होती आणि हातात काठ्या होत्या. बंड अचानक पेटलं हे खरंच आहे, पण पेटायला लागणारं सरपण सणामुळे रचून तयार होतं.

चित्रात मासानिएल्लो दिसतच नाही! कुठे आहे तो?

हा सगळ्यात जास्त येणारा प्रश्न. लोकांच्या डोक्यात ऐतिहासिक चित्र म्हणजे मधोमध नायक, छाती पुढे, हातात झेंडा, बाकी सगळे त्याच्याकडे बघतायत. इथे तसलं काही नाही. स्पादारोने आपल्याला लांब आणि जरा उंचावर नेऊन उभं केलंय, तिथून सगळा चौक दिसतो आणि माणसं बोटाच्या पेराएवढी. मासानिएल्लो त्या गर्दीतच आहे, बाकीच्यांच्याच मापाचा, त्याला शोधावं लागतं. आणि शोधताना तुम्ही बाकीचे सगळे बघता, भांडणारे, पळणारे, घोड्यावरचे, नुसते बघे, आणि माझं ठाम मत आहे की चित्रकाराला तेच करवून घ्यायचं होतं.

अजून एक गोष्ट लक्षात ठेवा म्हणजे घोटाळा होणार नाही. हे चित्र म्हणजे एका क्षणाचा फोटो नाही. वेगवेगळ्या दिवशी घडलेल्या गोष्टी स्पादारोने एकाच चौकात एकत्र मांडल्यात. त्यामुळे "हा नक्की कुठल्या तारखेचा सीन" असं विचारत बसलं की काही जुळत नाही. चौकाच्या एका कोपऱ्यातून दुसरीकडे नजर फिरवत जायचं, तसतसे दिवस पुढे सरकतात असं समजून बघा, मग चित्र उघडतं.

मला स्वतःला हे चित्र आवडतं ते या कारणासाठीच. मासानिएल्लोची एकट्याची पोर्ट्रेट म्हणून विकली गेलेली छापील चित्रं त्या काळात युरोपभर फिरली, लाल टोपी, कोळ्याचा शर्ट, उघडे पाय. ते बघून वाटतं एका माणसाने शहर हलवलं. स्पादारो तिथलाच होता, त्याला माहीत होतं की शहर बाजाराने हलवलं आणि हा पोरगा त्या बाजाराच्या तोंडून बोलला. त्याने नायकाला मोठा केला नाही आणि लहानही केला नाही, आहे त्या मापात ठेवला.

मधे ती मुंडकी मांडून ठेवलीयत ती खरी आहेत का? लहान मुलांना दाखवावं का?

मुंडकीच आहेत. चौकात मारलेल्यांची डोकी मांडून ठेवायचे, म्हणजे सगळ्यांना दिसावं. बंडाच्या काळात मासानिएल्लोच्या हुकमाने बरेच जण मारले गेले, कधी जागेवरच. सगळ्यात गाजलेलं प्रकरण जुझेप्पे काराफाचं. 10 जुलैला काराफा सरदार घराण्याने पाठवलेल्या भाडोत्री मारेकऱ्यांनी कारमिने चर्चमधेच मासानिएल्लोला संपवायचा प्रयत्न केला, तो फसला, आणि मग लोकांनी जुझेप्पेला शोधून काढून मारलं, डोकं कापलं, धड रस्त्यातून ओढत नेलं. स्पादारोने या प्रसंगाचं वेगळं चित्रसुद्धा काढलंय आणि ते याच म्युझियममधे आहे.

मुलांचं म्हणाल तर आकृत्या लहान आहेत त्यामुळे लांबून काही जाणवत नाही, पण जरा मोठी मुलं असतील तर दाखवून नीट सांगा असं मी म्हणेन. लोकनायकाची गोष्ट सांगताना हा भाग गाळून टाकला तर ती अर्धीच राहते. लोकांनी ठेकेदारांची घरं जाळली, त्यातला चांदीचा एक चमचासुद्धा कोणी घरी न्यायचा नाही असा सक्त हुकूम होता, सामान रस्त्यात आणून पेटवलं जायचं, ही शिस्त ज्या लोकांची होती त्याच लोकांनी ती डोकीपण मांडली.

मासानिएल्लोचं राज्य किती दिवस चाललं?

दहा दिवस. 7 ते 16 जुलै. एवढ्यात काय काय झालं ते ऐकलं की थक्क व्हायला होतं. टॅक्स रद्द झाले. त्याच्यामागे जुलिओ जेनोइनो नावाचा ऐंशीच्या घरातला वकील होता, जुना खमक्या माणूस, सामान्य लोकांना सरदारांएवढीच मतं मिळावीत म्हणून तरुणपणापासून भांडत आलेला, सम्राट पाचव्या चार्ल्सच्या काळात दिलेले हक्क परत द्या ही मागणी त्याचीच. कार्डिनल फिलोमारिनो दोन्ही बाजूंमधे ये-जा करत होता. 11 तारखेला मासानिएल्लो राजवाड्यात गेला तो चंदेरी कपड्यांत घोड्यावर बसून, आणि 13 ला कॅथेड्रलमधे व्हाइसरॉयने सगळ्यांसमोर शपथ घेऊन करार मान्य केला. आठवड्याभरापूर्वी मासे विकणारा माणूस, आणि आता स्पेनच्या राजाचा प्रतिनिधी त्याच्यासमोर शपथ घेतोय.

मग सगळं बिघडत गेलं. 16 ला, माउलीच्या सणाच्याच दिवशी, त्याने कारमिने चर्चमधून लोकांसमोर भाषण केलं, भान सुटल्यासारखं वागला, त्याला तिथल्या मठात नेलं आणि तिथेच गोळ्या घालून मारला. मारणारे त्याच्याच बाजूचे, पण व्हाइसरॉयशी संधान बांधलेले. डोकं कापून व्हाइसरॉयला दाखवायला नेलं, धड फेकून दिलं, आणि गर्दी गप्प राहिली.

दुसऱ्या दिवशी पावाचं वजन कमी झालं. एवढंच कारण पुरलं. लोकांच्या लक्षात आलं काय घालवून बसलो ते, धड शोधलं, डोकं आणलं, दोन्ही शिवून एकत्र केलं आणि हजारो लोकांनी अशी अंत्ययात्रा काढली की एखाद्या सेनापतीची निघावी. कारमिने चर्चमधेच पुरलं.

तो खरंच वेडा झाला होता का?

त्या काळच्या बऱ्याच लोकांनी लिहून ठेवलंय की शेवटच्या दोन-तीन दिवसांत त्याचं वागणं बदललं, अद्वातद्वा हुकूम, मधेच रडणं, मधेच संताप. राजवाड्यातल्या मेजवानीत विष घातलं असंही लोक तेव्हापासून म्हणत आलेत. मला साधी गोष्ट जास्त पटते. आठवडाभर झोप नाही, जेवण धड नाही, विषाच्या भीतीने आलेलं अन्न खायचं नाही, दिवसरात्र खिडकीत उभं राहून न्यायनिवाडा करायचा, चर्चमधे तुमच्यावर गोळ्या झाडल्या गेलेल्या, हे कुठल्याही 27 वर्षांच्या माणसाला झेपणारं नाही. आणि हेही विसरू नका की तो वेडा होता हे सांगण्यात ज्यांचा फायदा होता तेच लिहिणारे होते.

म्हणजे हा स्वातंत्र्यलढा होता का?

सुरुवातीला तरी नाही. घोषणाच होती "स्पेनच्या राजाचा विजय असो, वाईट कारभार मरो". लोकांना राजा नको नव्हता, त्याच्या नावावर लुटणारे नको होते. पुढे मात्र चित्र पालटलं. मासानिएल्लो गेल्यावर बंड थांबलं नाही, ऑक्टोबरमधे स्पेनचं आरमार आलं, शहरावर तोफा डागल्या, आणि त्यानंतर नेपल्सने स्वतःला प्रजासत्ताक जाहीर केलं, फ्रान्सचा ड्यूक ऑफ गीझ येऊन प्रमुख झाला. एप्रिल 1648 मधे स्पेनने शहर परत घेतलं.

गोव्याचा इतिहास वाचणाऱ्यांसाठी एक धागा सांगतो. 1580 ते 1640 पोर्तुगालची गादी स्पेनच्याच राजांकडे होती, म्हणजे तेवढी साठ वर्षं गोवा आणि नेपल्स या दोन्ही शहरांतले व्हाइसरॉय एकाच राजाच्या नावाने कारभार करत होते. 1640 मधे पोर्तुगाल सुटलं आणि त्याच्याबरोबर गोवाही त्या राजाच्या हातातून गेलं. ती कमाई गेल्यावर बाकीच्यांवर ओझं वाढलं, त्यात नेपल्सही आलं.

स्पादारो स्वतः बंडात लढला होता असं वाचलंय, खरं का?

ती गोष्ट अशी आहे की आनिएल्लो फाल्कोने या चित्रकाराने "मृत्यूची टोळी" काढली, त्यात त्याचे शिष्य, स्पादारो, साल्वातोर रोझा वगैरे, दिवसा स्पॅनिश लोकांना मारायचे आणि रात्री चित्रं काढायची. ऐकायला मस्त आहे, पण ही गोष्ट पुढच्या शतकातल्या एका चरित्रकाराने लिहिली आणि इतिहासकार ती मानत नाहीत. साल्वातोर रोझा तर 1640 पासून 1649 पर्यंत फ्लोरेन्समधे राहत होता, तो नेपल्सच्या गल्लीत तलवार घेऊन कसा असेल. स्पादारो फाल्कोनेचा शिष्य होता आणि त्या काळात नेपल्सचा रहिवासी होता, एवढं पक्कं. आणि तेवढं पुरे आहे, चौकाचा कोपरा न् कोपरा त्याला पाठ आहे हे चित्रच सांगतं.

रोममधे पण असंच एक चित्र आहे ना?

आहे, आणि दोन्ही बघितलीत तर मजा येईल. रोमच्या गालेरिया स्पादामधे मिकेलांजेलो चेर्क्वोत्सीचं 1648 चं चित्र आहे, विषय तोच, चौक तोच. चेर्क्वोत्सी रोमचा, रस्त्यावरची साधी माणसं रंगवण्यात त्याचा हातखंडा. त्याच्या चित्रात सुरुवातीचा दिवस आहे, फळांच्या टोपल्या, गडबड, आणि गर्दीत घोड्यावर मासानिएल्लो. रक्त दिसत नाही. बाजारात नेहमीपेक्षा जास्त गोंगाट चालू आहे एवढंच वाटतं.

त्यातल्या इमारती रंगवल्या विवियानो कोदात्सीने, आणि हा माणूस दोन्ही चित्रांमधला दुवा आहे. तो नेपल्समधे बरीच वर्षं होता, स्पादारोबरोबर काम करायचा, कोदात्सी इमारती काढणार आणि स्पादारो त्यात माणसं भरणार असा त्यांचा रिवाज. बंड झालं आणि कोदात्सी रोमला निघून गेला, तिथे तसंच काम चेर्क्वोत्सीबरोबर सुरू केलं. म्हणजे रोमच्या चित्रातला चौक सांगोवांगीचा नाही, तो बघितलेल्या माणसाने काढलाय. पण चौकात काय घडलं ते सोसलेला माणूस नेपल्समधेच राहिला होता, आणि फरक दिसतो.

युरोपात बाकी ठिकाणी त्याचं नाव झालं का?

भरपूर. तत्त्वज्ञ स्पिनोझाला चित्रं काढायचा नाद होता, त्याच्या वहीत खांद्यावर जाळं टाकलेल्या, नुसत्या शर्टातल्या कोळ्याचं चित्र होतं, मासानिएल्लोसारखं, आणि घरमालक म्हणायचा की चेहरा स्पिनोझाचाच आहे. हे त्याच्या चरित्रकाराने, कोलेरसने लिहून ठेवलंय. पुढे 1828 मधे फ्रान्समधे या बंडावर ऑपेरा आला आणि 25 ऑगस्ट 1830 ला ब्रसेल्समधे त्याच्या प्रयोगानंतर लोक रस्त्यावर उतरले, तिथून बेल्जियमच्या स्वातंत्र्याची क्रांती सुरू झाली.

बालिल्ला आणि मासानिएल्लो एकच का?

नाही, पण गल्लत सारखी होते. बालिल्ला जेनोवाचा, शंभर वर्षांनंतरचा. 5 डिसेंबर 1746 ला पोर्तोरिया भागात ऑस्ट्रियन सैनिकांची तोफ चिखलात रुतली, लोकांना जबरदस्तीने ओढायला लावत होते, तेव्हा एका पोराने दगड मारला आणि शहर उठलं. त्याचं नाव पुढे मुसोलिनीच्या राजवटीने मुलांच्या संघटनेला दिलं, त्यात त्या पोराचा काय दोष.

चित्र बघायला कसं जायचं, आणि अजून काय बघावं?

म्युझियम वोमेरो टेकडीवर आहे, सान मार्तिनोच्या जुन्या मठात, सांत'एल्मो किल्ल्याच्या शेजारी. खालून फ्युनिक्युलर ट्रेन घ्या, मोंतेसांतोहून मोर्गेन स्टेशनला उतरलात तर थोडंच चालावं लागतं. आठवड्यात एक दिवस बंद असतं आणि काही दालनं अधूनमधून बंद ठेवतात, तेव्हा निघायच्या आधी चेक करा.

तिथेच स्पादारोचं 1656 च्या प्लेगचं चित्र आहे, ते चुकवू नका. बंडातून वाचलेल्या याच शहरातले साधारण निम्मे लोक त्या प्लेगमधे गेले. मठाच्या कॉयरमधली त्याची भित्तिचित्रं पण बघा.

मग खाली पियात्सा मेर्कातोला जा. 1268 मधे सोळा वर्षांच्या कॉनरादिन राजपुत्राचं डोकं याच चौकात उडवलं, 1799 मधे राजाविरुद्ध उठलेल्या क्रांतिकारकांना इथेच फाशी दिली, एलेओनोरा पिमेंतेल फोन्सेका त्यातलीच. त्याच 1799 मधे राजा फर्दिनांदने मासानिएल्लोची हाडं कारमिने चर्चमधून काढून टाकायला लावली, कारण दीडशे वर्षांनीही त्या कोळ्याच्या थडग्याची त्याला भीती वाटत होती. आता तिथे त्याच्या नावाची पाटी आहे. जमलं तर जुलैमधे जा, 15 तारखेच्या रात्री कारमिनेच्या टॉवरला फटाक्यांनी आग लागल्यासारखं करतात आणि अख्खी वस्ती चौकात जमते.